तळहाताखालचा कागद

पुतणीच्या पत्राला उत्तर द्यायचं राहून गेलं होतं. राहून गेलं कसलं, पाच महिने ते ग्रंथपालांच्या कोटाच्या आतल्या खिशातच होतं. गोल्फच्या सराव मैदानावर कोचबाईंनी "खिशात एखादा कागद आहे का हो, काका?" असं विचारलं, तेव्हा हाताला नेमकं तेच लागलं.

"महत्त्वाचा नाही ना?"

"छे," ग्रंथपाल म्हणाले, आणि इतक्या सहज खोटं बोलता आलं म्हणून मनातल्या मनात ओशाळले.

तीस वर्षांनी ते पुन्हा खेळायला आले होते. निवृत्त माणसाची हौस, असं कोचबाई धरून चालल्या होत्या. सहा आठवड्यांत त्यांनी ग्रंथपालांचे पाय जागेवर आणले, वाकलेली पाठ शक्य तितकी सरळ केली, खांदे वळवायला शिकवले. "चेंडूला मारताय की त्याची माफी मागताय?" असं म्हणून हसवलंही. चेंडू मात्र वीस पावलं जाऊन गवतात तोंड लपवायचा.

कोचबाईंनी पत्राची लहानशी घडी केली आणि ग्रंथपालांच्या डाव्या तळहाताखाली, क्लबच्या म्हणजे गोल्फच्या काठीच्या दांड्यावर, दाबून ठेवली.

"आता क्लब वर न्या. वरच्या टोकाला पकड सैल झाली की कागद पडेल. घाबरू नका, उतारवयात परत येणाऱ्या निम्म्या लोकांचं हेच असतं. सवय मोडली की होतं असं."

सवय मोडली की होतं. ग्रंथपालांना ते शब्द फार आवडले. त्यांनी मूठ आवळली आणि क्लब वर नेला.

कागद पडला.

"अहो, घट्ट धरा! मांजराचं पिल्लू आहे का ते?"

"धरलं होतं."

दुसऱ्यांदाही पडला. तिसऱ्यांदा त्यांनी दातओठ खाऊन धरलं. कागद पायाशी पडला आणि त्याची घडी उलगडली. वाचायला वाकायची गरज नव्हती, पाठच होतं ते.

'बाबांच्या हातातून वस्तू सुटायच्या आणि त्यांना कळायचंही नाही. डॉक्टर विचारतात, त्यांच्या भावालाही असं काही होतं का? काका, तुमचे हात ठीक आहेत ना? एवढं एकच वाक्य कळवा. मूल होऊ द्यायचं की नाही, ते आम्ही त्यावरच ठरवणार आहोत.'

उत्तर लिहून तयार होतं. 'माझे हात ठणठणीत आहेत.' तिकीट लावलेलं पाकीट क्लबच्या पिशवीत पडून होतं, फक्त चिकटवायचं बाकी होतं. पण पुस्तक स्वतः हातात धरून पाहिल्याशिवाय 'कपाटात आहे' असं ग्रंथपालांनी जन्मात कुणाला सांगितलं नव्हतं. डॉक्टरांकडे जायचं धाडस होत नव्हतं. गोल्फइतकी हातांची झडती दुसरा खेळ घेत नाही, असं कुठंतरी वाचलेलं आठवलं. एक चेंडू सरळ गेला की पाकीट टाकायचं, असं ठरवून ते इथे आले होते.

"बघा, तुमचाच सिनेमा," म्हणत कोचबाईंनी मोबाइल पुढे केला. तिसऱ्या वेळेचं चित्रण त्यांनी अगदी सावकाश लावलं.

क्लब वर गेला. वरच्या टोकाला डाव्या हाताची शेवटची तीन बोटं एकेक करून उघडली, कुणीतरी हलकेच सोडवून घ्यावीत तशी. ग्रंथपालांचा चेहरा मात्र जोर लावून आवळलेला होता.

"सोडताय तुम्ही."

"मी नाही सोडत," ग्रंथपाल म्हणाले. "मला तर अजूनही धरल्यासारखंच वाटतंय."

कोचबाई हसणार होत्या, त्या थांबल्या. त्यांनी ग्रंथपालांचा डावा हात हातात घेतला, उलटा केला आणि अंगठा नि तर्जनीच्या मधे बोट टेकवलं. तिथं खळगा होता.

"हा कधीपासून आहे?"

"म्हातारपण."

"उजव्याला नाहीये, काका."

ग्रंथपालांनी हात काढून घेतला. दादांच्या हाताला असाच खळगा पडला होता. चहाचा पेला त्यात मावेल, असं दादा थट्टेनं म्हणायचे. शेवटी शेवटी त्यांना मानही धरवत नव्हती.

कोचबाईंनी पत्र उचललं, त्यावरचं गवत झटकलं, न वाचता घडी घालून परत दिलं. "मी स्विंगमधल्या चुका काढते," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "ही चूक नाहीये."

बाकावर बसून ग्रंथपालांनी पाकिटातून उत्तर बाहेर काढलं. 'ठणठणीत आहेत' यावर एक सरळ रेघ मारली आणि खाली लिहिलं, 'डाव्या हातातून सुटतं. मला कळत नाही.' उजव्या हाताचं अक्षर नेहमीसारखंच वळणदार आलं. पाकीट चिकटवून ते फाटकाकडे निघाले.

टपालपेटी फाटकाच्या खांबावर, जरा उंचावर होती. उजव्या हातात पिशवी होती, म्हणून त्यांनी डावा हात वर नेला आणि पाकिटासकट बोटं फटीत घातली. तिथे ते अडले. पाळणा घेऊन ठेवलाय, असं पुतणीनं पत्राच्या शेवटी लिहिलं होतं. एका कोचबाईच्या बोलण्यावर एवढं लिहून टाकायचं? आणखी एक आठवडा सराव करून पाहू. मग टाकू.

पाकीट घट्ट धरून त्यांनी हात मागे घेतला.

पेटीच्या तळाशी टप् असा आवाज झाला. ग्रंथपालांनी हाताकडे पाहिलं. बोटं उघडी होती.