अखंड मंडळ, खफजी

"हे पत्रक कुणाला दिसता कामा नये," मंडळाचा अध्यक्ष रत्नाकर बायकोला म्हणाला आणि कागद खिशात घातला.

चारुताने तोवर ते वाचलं होतं.

युद्ध पेटायची वेळ आली तर कंपनी सौदीतल्या खफजीचा कॅम्प रिकामा करणार होती. नोंदणी केलेल्या प्रत्येक मंडळाला जेद्दाला जायला एक बस, पंचेचाळीस जागा. मराठी घरं एकोणतीस, माणसं ऐंशीवर. उरलेल्यांनी बस परत येईपर्यंत थांबायचं. सद्दामला दिलेली मुदत सहा दिवसांत संपत होती. कुवेतची हद्द दहा-बारा किलोमीटरवर. आठ महिन्यांच्या बाळाला बसेल असा गॅस मास्क कुठेच मिळत नव्हता.

"कोकण मंडळ वेगळं झालं तर दोन बस मिळतील," ती म्हणाली.

"म्हणूनच दिसता कामा नये. परवा वेगळं व्हायचं की नाही यावर मतदान आहे. सगळे फुटतील."

"फुटू देत की!"

"तत्त्वाचा प्रश्न आहे, चारुता. सीटसाठी मंडळ मोडायचं?"

हे तत्त्व तीन वर्षांपूर्वी वार्षिक जेवणात जन्मलं होतं. सोलकढी ठेवायची की मठ्ठा, यावरून. तेव्हापासून रत्नाकरचा अखंड पक्ष आणि बाळकृष्ण साळव्यांचा स्वतंत्र कोकण पक्ष एकमेकांना पाण्यात पाहत होते. पलीकडे रणगाडे येऊन उभे राहिले आणि हे लेटरहेडच्या रंगावर भांडत होते. जिंकल्यावर पहिला ठराव मठ्ठ्याविरुद्ध, असं साळव्यांनी जाहीरच केलं होतं.

चारुता बाळाला घेऊन शेजारी शरफुन्निसाकडे गेली आणि पत्रकात काय आहे ते सांगितलं. तिचा नवरा यूनुस अखंड पक्षाचा चिटणीस.

"भाबी, यूनुसभाईंना एवढं सांगाल?"

"सांगतेय कशाला? मतच घालून घेते," शरफुन्निसा म्हणाली. "सगळ्या बायकांना कळवते. पण तुझ्या घरचं मत गो?"

घरटी एक मत, तेही पुरुषाचं, अशी मंडळाची घटना होती.

"ते धरू नका. डोक्यावर बॉम्ब पडला तरी हा आधी अध्यक्षीय भाषण करेल."

शुक्रवारी नमाजानंतर हॉल भरला. मतपेटी म्हणून खजुराचा खोका. रत्नाकर चाळीस मिनिटं बोलला. "एकटा उरलो तरी अखंडच राहीन!" टाळ्या पडल्या. सर्वांत शेवटी त्याने आपली चिठ्ठी उंच धरून खोक्यात टाकली.

वयाने मोठे म्हणून जमालुद्दीनचाचा मोजायला बसले.

"स्वतंत्र. स्वतंत्र. स्वतंत्र."

यूनुस बुटांच्या नाड्या निरखत होता. बाराव्या चिठ्ठीला साळवी हसले, विसाव्याला घाबरले. अठ्ठावीस झाल्या, अठ्ठावीसही स्वतंत्र. दोन बस नक्की झाल्या. बायकांच्या रांगेत कुणीतरी मोठ्याने सुस्कारा टाकला.

खोक्यात एकच चिठ्ठी उरली. रत्नाकर उठून उभा राहिला, हुतात्म्यासारखा, हात जोडून.

"आपण हरलो," तो म्हणाला. "पण एक मत ताठ उभं आहे!"

आठवडाभरात पहिल्यांदाच चारुताला स्वतःची थोडी लाज वाटली. खुळा असेल, पण शब्दाचा पक्का निघाला. तिने बाळाला खांद्यावर घेतलं आणि मान खाली घातली.

चाचांनी चिठ्ठी उघडली. चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला.

"स्वतंत्र."