दूध उतरण्याच्या गोळ्या

समुद्राकाठच्या गुहेतल्या त्या देवळात कातळाला थानांसारखे दोन उंचवटे आहेत. त्यांतून ठिबकणाऱ्या पाण्यात केलेल्या गोड गोळ्या खाल्ल्या की बाळंतिणीला दूध उतरतं, म्हणून बायका लांबून येतात. फुसाए आजी देवळाच्या दुकानात तीस वर्षं त्याच गोळ्या विकत होत्या, आणि तीस वर्षं तेच बोलत होत्या.

ऑगस्टच्या उन्हात कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली एक तरुण बाई समोर येऊन उभी राहिली. तिनं हातातलं रिकामं पाकीट फळीवर ठेवलं.

"या तुमच्याकडच्याच ना? सासूबाईंनी नेल्या होत्या."

"आमच्याच. दुसरीकडे कुठे मिळायच्या?" आजींनी न बघताच नवं पाकीट पुढे सरकवलं. "गरम पाण्यातून घे, तीन दिवसांत फरक पडतो."

"पडला फरक. खूप येतं."

"मग परत कशाला आलीस एवढ्या उन्हात? एकदा दूध आलं की कोणी फिरकत नाही इकडे." आजी हसल्या. "बाळाला कोण घेऊन बसलंय, सासूबाई?"

बाईनं कोटाची कड छातीवर ओढून घेतली. नवं पाकीट दोन बोटांनी अलगद मागे सारलं. सुट्टे पैसे मागावेत तसा तिचा आवाज सपाट होता.

 

"बाळ परवा गेलं, आजी. दूध थांबायचं काही ठेवता का तुम्ही?"