मशीनची भूक

उरलेल्या पावाचं खत करणारं मशीन दिरांनी हौसेनं बेकरीत बसवलं. आज ते बघायला बक्षीस समिती येणार होती. पण भट्टी माझ्याकडे. मी ऑर्डर असेल तेवढंच पीठ मळते, कालच्या पावाचे टोस्ट करते, कापलेल्या कडांचा चुरा विकते. त्यामुळे टाकाऊ माल निघाला जेमतेम अर्धी बादली, आणि पन्नास किलोंशिवाय मशीन हलत नाही.

"वहिनी, तुम्ही आज माझं नाक कापणार," म्हणत दिरांनी नुकतेच भाजलेले पाव ट्रेच्या ट्रे मशीनमध्ये उपडे केले.

"भाऊजी, लोकांच्या खाण्याचे आहेत ते."

"लोक उद्याही खातील. समिती आजच येतेय."

आत विरजण म्हणून घातलेल्या आंबट, काळ्या लगद्यात गरम पाव फसफसत बुडाले. खमंग आणि कुजका असे दोन्ही वास एकदम नाकात शिरले. तेवढ्यात येऊन पोचलेल्या समितीनं तोंडाला रुमाल लावून टाळ्या वाजवल्या.

संध्याकाळी 'अन्नाची नासाडी शून्य' असं लिहिलेली ढाल माझ्याच भट्टीवर टांगत दीर म्हणाले,



"समिती आता दर महिन्याला खत मोजायला येणार आहे. उद्यापासून रोज पन्नास किलो पाव जास्तीचे भाजत जा."