पेनांगहून आलेलं पत्र

शेषगिरीच्या काकांनी खोटी साक्ष देऊन आपल्या थोरल्या भावाला, म्हणजे त्याच्या वडिलांना, तुरुंगात धाडलं आणि स्वतः बोटीनं मलेशियात पेनांगला पसार झाले. वडील तुरुंगातच वारले. १९९५ साली शेषगिरी सूड उगवायला तंजावूरच्या आपल्या मराठी घरातून तिथं पोचला. अंथरुणाला खिळलेल्या काकांनी त्याचा हात धरला.

"शेषू, आपलं मराठी बोल रे माझ्याशी. इथं कुणालाच येत नाही."

"मला मराठी येत नाही," तो तमिळमध्ये म्हणाला आणि निघून आला.

महिन्याभरानं काकांच्या मुलीचं पत्र आलं. "अप्पा गेले. त्यांचे शेवटचे शब्द आम्हाला कळले नाहीत. तमिळ अक्षरांत जसेच्या तसे लिहिलेत. कुणा मराठी माणसाला विचारून अर्थ कळवाल?"

शेषगिरीनं अक्षरं जुळवत वाचलं, "दादाची माफी तमिळमध्ये कशी मागू रे, शेषू?"