काटा साठवर

अपघातातली पिकअप भंगारात द्यायला ती गॅरेजवर आली होती. मेकॅनिकने चाकं पाहून कपाळाला हात लावला. "वहिनी, एवढे मोठे टायर?"

"त्यांची हौस. ते बसवल्यापासून स्टिअरिंग जड झालं होतं, वळणावर गाडी बाहेर जायची. म्हणून मी बजावून ठेवलं होतं, लेक सोबत असली की साठच्या वर जायचं नाही."

"मग?"

"रस्त्यावरच्या स्पीड कॅमेऱ्यात सत्तर निघाले. लेक जागच्या जागी गेली. आणि दवाखान्यात यांचं शेवटच्या श्वासापर्यंत एकच पालुपद, काटा साठवरच होता गं. मरतानाही खोटं बोलावं माणसानं?"

मेकॅनिकने हातातला पाना खाली ठेवला. "खोटं नव्हते बोलत, वहिनी. टायर मोठे घातले की काटा कमी दाखवतो. काट्यावर साठ दिसत असले, तरी गाडी सत्तरने पळत असते."

ती चेपलेल्या दाराकडे वळली.

"हात धर म्हणत होते," ती म्हणाली. "मी खुर्ची लांब ओढून बसले."