मागून कोण येतंय

महिनाभर व्हिडिओ बघून, दहा जणांना विचारून मेडशीच्या धीरजनं शेवटी वाशिमहून सराउंड साउंडचा हेडफोन आणला, सोबत साउंड कार्डही. कॉम्प्युटरच्या जुन्या स्पीकरवर गेममधला शत्रू कोणत्या बाजूनं येतो तेच कळत नाही, अशी त्याची तक्रार होती. त्यात आईची बडबड. आवडाबाई दिवसभर तुरीच्या वावरात राखणीच्या माळ्यावर बसून रानडुकरांची चाहूल घ्यायची. घरी आली की त्याच्याकडं पाठ करून डाळ निवडता निवडता मध्येच म्हणायची, "डाव्या अंगानं येऊन राह्यला रे कोनी तरी."

"तू चूप बस ना माय," म्हणत धीरज गेममधली बंदूक डावीकडं फिरवायचा.

नवा हेडफोन कानावर चढला आणि आईचा आवाज बंद झाला. पावलं आता चारी बाजूंनी खणखणीत ऐकू यायची. धीरज मात्र सलग नऊ मॅच हरला. साउंड कार्डाची एकूण एक सेटिंग बदलून पाहिली, तरी हरला.

"काहून तोंड पाडून बसला?" आवडाबाईनं विचारलं.

"रविवारी फायनल हाय, अन् मले काहीच समजून नाही राह्यलं."

रविवारी फायनल सुरू झाली, तेव्हा धीरजचे दोन्ही कान मोकळे होते.

 

हेडफोन आवडाबाईच्या डोक्यावर होता, पदरावरून. सुपातल्या डाळीवरची नजर न काढता ती म्हणाली, "मांगून दोघं येऊन राह्यले, त्यातला एक भ्यालेला हाय."