बर्फाखालची बाटली

नवरा दहा दिवसांसाठी मासेमारीला निघाला, तेव्हा बोटीवरची बर्फाची पेटी तिने स्वतः भरली. तळाशी त्याची इन्सुलिनची बाटली, वर बर्फ, त्यावर दूध आणि सरबत.

"अगं, बाटलीला हुडहुडी भरेल," तो हसला होता.

सातव्या दिवशी बोटीवरच्या धाकट्या दिराने त्याचा देह घरी आणला. डॉक्टरांनी सासूसमोरच बाटली उजेडात धरली. "हे गोठलं होतं. एकदा गोठलं की औषधात गुण उरत नाही. बर्फात कुणी पुरलं?"

तिने तोंड उघडायच्या आत दीर म्हणाला, "मी. वहिनीने फडक्यात गुंडाळून वर ठेवलं होतं."

सासूने मरेपर्यंत धाकट्याच्या हातचं पाणी घेतलं नाही. आणि वहिनी तोवर गप्प बसून ते पाहत राहिली.